बोळे घातलेला मामा

दिगंबरमामांच्या नाकाच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन्ही नाकपुड्यांत बोळे कोंबले. मामांच्या तोंडून 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' होऊ लागला.

सोबतीला आलेले दाजी चहा आणायला गेले. मामांनी दाजींच्याच फोनवरून त्यांच्या लेकीला, शाल्मलीला, खुशाली कळवायला फोन लावला. "बी बाबा बोलतोय."

मर्जीविरुद्ध लग्न केलं म्हणून दाजी तिच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते. "बाबा!" म्हणत ती हुंदके देऊ लागली.

"बाबा दाही गं, बाबा!" मामा घाबरून ओरडले.

तेवढ्यात दाजी आले. मामांनी फोन थेट त्यांच्या कानाला लावला. लेक विचारत होती, "बाबा, आवाज असा का येतोय? सर्दी झालीय?"

"हो गं बाळा," दाजी नाक ओढत म्हणाले, "आत्ताच झाली."