सकाळी काय खाल्लं?

"तू सांग गं, सकाळी काय खाल्लंस?" आहाराचा तास घ्यायला तालुक्याहून आलेल्या बाईंनी विचारलं.

"चहा-बटर," पाचवीतली तेजल उभी राहून म्हणाली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "आई काय करते तुझी?"

"आपल्या शाळेची खिचडी शिजवते."

"म्हणजे गावच्या पोरांना गरम खिचडी, आणि स्वतःच्या पोरीला चहा-बटर!" वर्ग खदखदून हसला. बाईंना चेव आला. "मुलांनो, अशा आईला काय म्हणायचं?"

"आळशी!"

"आता तू म्हण."

पहाटे पाणी भरून, शेण काढून शाळेची चूल पेटवायला धावणारी आई तेजलला आठवली. पण सगळे तिच्याकडेच बघत होते.

"आळशी," ती पुटपुटली.

"मोठ्याने!"

"आळशी!" टाळ्या पडल्या. मग तीही हसली.

हसता हसता तिचं लक्ष दाराकडे गेलं. आई तिथे उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"खिचडी झालीय, बाई," आई म्हणाली.

रांगेत तेजलने मान खाली घालून ताट पुढे केलं. आईने डाव भरून वाढला.

"आई, मी..."

"पुढे कोण आहे? या," आई म्हणाली.