रविवारचे चार सेकंद

तिसऱ्यांदा पाहिला तरी आलेख तोच होता. रविवारी दुपारी सव्वाचारला प्रेमदास वानखेड्यांचं हृदय चार सेकंद थांबलं होतं.

डॉ. दामिनींनी चष्मा काढून ठेवला. महिन्यापूर्वी त्यांनीच या माणसाच्या कमरेच्या हाडातून मूळपेशी काढल्या होत्या, आणि मांडीतून नळी वर नेऊन, हृदयविकाराच्या झटक्याने निकामी झालेल्या भागात बारीक सुईने सोडल्या होत्या. अशा पेशी सोडणं सुरक्षित आहे का, एवढंच या चाचणीत पाहायचं होतं. पहिल्या सहा जणांना काही झालं नव्हतं. प्रेमदास सातवे. आठवा रत्नदीप उद्या दाखल व्हायचा होता.

"रत्नदीपला फोन कर," त्या सिस्टर रूपालीला म्हणाल्या. "म्हणावं, उद्या येऊ नकोस. बहुतेक चाचणीच थांबवावी लागेल."

चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला पाठवायचा अहवाल त्यांनी समोर ओढला. पाच वर्षांची मेहनत होती. पण लिहिणं भाग होतं.

तेवढ्यात प्रेमदास हसत आत आले. वीज मंडळात लाइनमन म्हणून उभी हयात खांबांवर चढण्यात गेलेली. दोन मजले जिन्याने आले तरी धाप नाही. मागून त्यांची बायको अनुसयाबाई आली आणि पेरूंची पिशवी टेबलावर ठेवून खुर्चीत टेकली.

"पवनारचे पेरू हायेत, मॅडम. काऊन बोलावलं एवढ्या घाईनं? मी तं ठणठणीत हाओ!"

"आत्ता खाली काढलेला आलेख चांगलाच आहे तुमचा," दामिनी म्हणाल्या. "मला रविवारचं सांगा. छातीला ठोके टिपायचं मशीन लावून दिलं होतं, त्या दिवशी काय काय केलंत?"

प्रेमदासांनी बायकोकडे पाहिलं. "कागदावर लेहलं ना सारं."

लिहिलं होतंच. सोमवारी मशीन परत आलं तेव्हा ती नोंद वाचून वॉर्डभर हशा पिकला होता. नऊ वाजता पोळ्या. अकराला धुणं. दोनला तूर निवडली. महिन्यापूर्वी कूस बदलताना धापा टाकणारा माणूस पोळ्या लाटतो म्हणून दामिनी हरखून गेल्या होत्या. शेवटची ओळ मात्र कोणी नीट वाचली नव्हती. सव्वाचार, अंगणात डोळ्यांपुढं अंधारी.

"ही अंधारी खरीच आली होती?"

"जे झालं तेच लेहलं, मॅडम. एक अक्षर खोटं नाई."

"उन्हातून आलं की होते तसं," अनुसयाबाई घाईने म्हणाली. "त्यात काय एवढं!"

"उन्हाने नाही, बाई." दामिनींनी आलेख त्यांच्यापुढे सरकवला. ठोक्यांच्या रांगेत मधेच एक सपाट रेघ होती. "इथे हृदय थांबलं होतं. चार सेकंद. रात्रीही दोनदा थांबलंय."

प्रेमदासांचं हसू मावळलं. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून ते बायकोकडे बघत राहिले.

"यात जीव जाऊ शकते का, मॅडम?"

"लक्षात आलं नसतं तर कधीतरी गेला असता. पण आता आलंय. खांद्याखाली एक छोटी डबी बसवू, पेसमेकर. ठोका चुकला की ती देईल. चार दिवसांत घरी, आणि दहाएक वर्षं बिनघोर."

"पक्कं?"

"पक्कं. फक्त उशीर नको."

"मंग आजच करा. आत्ताच करा." त्यांचा आवाज चिरकला. "घरी नाई जाणार आता आम्ही."

"अहो, असं काय करता?" अनुसयाबाई म्हणाली. "निकेशच्या लग्नाचे पाहुणे घरी हायेत अजून!"

"राहू दे पाहुणे. तू चूप बस."

दामिनींना बरं वाटलं. ऑपरेशन म्हटलं की महिनामहिना टाळणारी माणसं त्यांनी पाहिली होती. हा गडी एका शब्दात तयार. अशा माणसाला आपल्याच सुईने हे दुखणं दिलं, याचा सल तेवढा आत टोचत होता. त्यांनी संमतीपत्र काढलं, रुग्णाच्या रकान्यावर खूण केली आणि पेन प्रेमदासांच्या हातात दिलं.

प्रेमदासांनी खाली, नातेवाईकाच्या रकान्यात सही केली. मग कागद आणि पेन अनुसयाबाईपुढे सरकवलं.

"वरची सही हिची घ्या, मॅडम," ते मान खाली घालून म्हणाले. "पुतण्या निकेशच्या वरातीत नाचाले मी आष्टीले गेलतो. मशीन दिवसरात्र हिच्या छातीवर होतं."