दाराला ठोकलेली गादी

बायकोने भिंतीला कान लावला, दोनदा टकटक केली आणि निराश होऊन मान हलवली. भिंत पक्की होती. नळाला पाणी होतं, छताला ओल नव्हती, स्वयंपाकघरात चांगलं ऊन येत होतं. भाडं मात्र गावातल्या कुठल्याही घराच्या निम्मं. यात काहीतरी घोळ होता आणि तो सापडत नव्हता.

खरं तर शोधण्यात ती कच्ची नव्हती. विमा कंपनीत तिचं कामच ते होतं. नुकसान किती झालं आणि कोणामुळे झालं, हे ती वास्तूकडे नुसतं बघून सांगायची. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो नुसतंच बघायचा.

महिनाअखेर राहतं घर सोडायचं होतं. घरमालकाला म्हणे भाच्याच्या लग्नासाठी जागा हवी होती. भाचा सातवीत होता. पण हल्ली माणसं लांबचा विचार करतात, अशी चष्मेवाल्याने स्वतःची समजूत घातली होती. तेव्हापासून दोघं गावभर घरं बघत हिंडत होती. एका घरात ओटा आणि मोरी यांच्यामध्ये फक्त पडदा होता. दुसऱ्या घराची मधली खोली मालक स्वतःकडे ठेवणार होते, आणि ते कायम त्या खोलीतच असणार होते. रोज परतताना बायको तळ्याकाठच्या हिरव्या खिडक्यांच्या बंगल्यापाशी थांबायची आणि समोरच्या बाकावर जरा टेकायची. तो बंगला भाड्याने मिळणारा नव्हता आणि विकत घेण्याची तर बातच नको. नुसतं बघायला पैसे पडत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

आणि आज हे घर. चष्मेवाल्याला हसू आवरेना. बायको सिंकखाली वाकलेली असतानाच त्याने तिच्या कानात सांगून टाकलं की सोफा इथे, कपाट तिथे आणि सॅक्सोफोन त्या खिडकीशी. सॅक्सोफोन त्याने चाळिशी उलटल्यावर घेतला होता. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की तो गच्चीवर जाऊन तासभर वाजवायचा. बायको नेमकी त्याच वेळेला फिरायला जायची. तब्येतीच्या बाबतीत ती भलतीच काटेकोर. भर पावसात, तापातसुद्धा तिने फिरणं चुकवलेलं त्याला आठवत नव्हतं.

"काकू, ही गादी इथे कशाला?" बायकोचा आवाज मागच्या खोलीतून आला.

मागच्या बाल्कनीच्या दारावर चारी बाजूंनी खिळे मारून एक जाडजूड गादी ठोकलेली होती. मालकीणबाईंनी आधी वाऱ्याचं नाव सांगून बघितलं. मग बायकोच्या नजरेपुढे त्यांचा धीर सुटला.

"सांगूनच टाकते बाई," त्या म्हणाल्या. "उगाच लपवाछपवी नको."

मागच्या बाजूला रोज संध्याकाळी कोणीतरी काहीतरी करतं. काय करतं, यावर गल्लीत एकमत नव्हतं. शेजाऱ्यांच्या मते ती म्हैस होती आणि तिचं पोट बिघडलं होतं. मालकीणबाईंना स्वतःला वाटायचं की कोणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढत नेतंय आणि परत जागेवर आणून ठेवतंय. त्यांचे लागोपाठ दोन भाडेकरू पळाले. गल्लीत दारोदार भाड्याच्या पाट्या लागल्यात त्या यामुळेच.

चष्मेवाल्याला मनापासून वाईट वाटलं. ज्याचा कान तयार आहे त्याला तर असलं काही सोसणंच शक्य नाही, असं तो बोलूनही गेला.

मालकीणबाईंनी पक्कड आणून खिळे उपसले आणि दार उघडलं. झाडांच्या शेंड्यांपलीकडे एका घराची पाठ होती, वर गच्ची, गच्चीत दोरी. दोरीवर पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा वाळत होता. पायजम्याच्या गुडघ्याला हिरवं ठिगळ होतं.

ठिगळ चष्मेवाल्याने ओळखलं. सकाळीच त्याने तो पायजमा स्वतः वाळत घातला होता. आपलं घर पाठमोरं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पुढच्या दाराने इकडे यायचं तर अर्ध्या गावाला वळसा पडत होता. भाच्याचं लग्न, बायकोचं फिरणं, सगळं एकदम लख्ख दिसायला लागलं, योग्य नंबरची काच डोळ्यांवर बसावी तसं.

बायकोला जोराचा खोकला आला. रुमालाआड तो बराच वेळ चालला. मग डोळे पुसत ती म्हणाली, "काकू, त्या घरातल्या माणसाला मी ओळखते. माझ्या शब्दाबाहेर नाही तो. उद्यापासून तिथून आवाज येणार नाही, आणि आमच्या घरातूनही येणार नाही. पण भाडं हेच राहील. वाढवायचं नाही."

मालकीणबाईंनी किल्ली तिच्या मुठीत कोंबली. गादीपण तुम्हालाच, म्हणाल्या.

गल्लीत आल्यावर बायको एका पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. चष्मेवाला गाल फुगवून उभा राहिला. तिचं थांबेना तसे त्याचेही ओठ थरथरायला लागले, पण मानी माणसासारखं त्याने ते आवळून धरले.

"इतकं वाईट वाजवतो मी?"

"वाईट?" बायकोने एकेका दारावरची पाटी बघत नजर गल्लीच्या टोकापर्यंत नेली. अशा नजरेने ती फक्त जळालेले कारखाने बघायची. "अहो, अख्ख्या गल्लीचं भाडं निम्म्यावर आणलंत. तेही एकट्याने."

"कळलं. उद्यापासून बंद."

"खबरदार." बायको उठली, त्याच्या दंडाला धरून त्याला तिने तळ्याच्या दिशेला वळवलं. "उद्यापासून फक्त जागा बदलायची. हिरव्या खिडक्यांसमोर तो बाक आहे ना, तिथे बसायचं."