शेळीची डावी बाजू

शेळीचा डावा डोळा भिंतीकडे राहील अशा बेतानं शेषराव उभा होता. त्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. भिंत आणि शेळी यांच्यामधे तो स्वतःच शिरला होता आणि तिच्या मानेवर हात ठेवून लिलावात फार रमल्यासारखं दाखवत होता.

कापणीच्या सणाची उपासना नुकतीच संपली होती. ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं, गोठ्यातलं देवापुढं आणून ठेवलं होतं आणि आता चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव चालू होता. या लिलावात भाव विचारायचा नसतो. एक लिंबू दोनशेला गेलं, घेणाऱ्यानं ते लगेच परत देऊन टाकलं आणि दुसऱ्या खेपेला तीनशेला गेलं. बोली पुकारायला देवानंद होता. कोहळ्यालाही हसवील अशी त्याची जीभ.

"आता शेषराव भाऊची बकरी! आणा हो भाऊ, पुढं आणा. लाजता काऊन?"

शेषरावला पुढं यावंच लागलं. माणसं बघून शेळी बावरली, डावीकडे वळली आणि पाण्याच्या टाकीवर धाडकन आदळली. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"एका डोळ्यानं दिसत नाई वाटते हिले," देवानंद म्हणाला. "काऊन हो भाऊ, दुसरी नव्हती का घरी?"

आता सगळेच हसले.

दुसरी होती. पांढरी, भरल्या अंगाची. भाद्रपदात काजलला सोयाबीनमधे साप चावला, तेव्हा खामगावच्या दवाखान्यात पोरीच्या खाटेशी उभं राहून शेषरावनं कबूल केलं होतं, प्रभू, माझी पोर उठू दे, पांढरी तुझी. पोर उठली. समोर बायकांत बसून ती आत्ता आपल्या बापाकडेच बघत होती. आज सकाळी तो पांढरीचं दावं सोडायला गेला, तर ती गाभण आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि हात आखडला. देवाला शेळीशी मतलब, रंगाशी नाही, असं स्वतःला समजावून त्यानं हिला सोडलं. आणि वर नवा सदरा घालून आला.

"बोला, पाचशे! चारशे तरी?" देवानंदनं चारी बाजूंना बघितलं. लिंबाला तीनशे देणारी माणसं नखं बघू लागली. "कोणीच नाई? मंग भाऊले परत न्या लागन आपली बकरी."

तेवढ्यात जनकाबाई उठली. दवाखान्यात काजलच्या खाटेच्या पलीकडच्या बाजूला बसलेली ती एकटीच होती. पांढरीचा शब्द तिनं आपल्या कानांनी ऐकला होता. आता ही म्हातारी सगळं चव्हाट्यावर मांडणार.

"तीन हजार," जनकाबाई म्हणाली.

"मावशी, आधी बकरी तर पाह्य!"

"पाह्यली. लिह्य माह्यं नाव."

जनकाबाईनं पदराची गाठ दातांनी सोडली आणि नोटा देवानंदच्या हातावर ठेवल्या. ते छपराच्या पत्र्यांचे पैसे होते. तिच्या अर्ध्या घरावर ताडपत्री होती आणि पुढच्या आठवड्यात तिला खामगावहून पत्रे आणून देणार होता तो शेषरावच.

फाटकापाशी त्यानं तिला गाठलं.

"मावशी, तुले तर सारं मालूम होतं."

"माह्यं काय घेऊन बसला? ज्याले कबूल केली, त्यालेबी मालूम हाय."

शेषरावची मान वर होईना. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. तिनं चारचौघांत दोन शिव्या हासडल्या असत्या, तर निदान रागावता तरी आलं असतं.

"मंग काऊन घेतली तुनं?"

"तू तिले साऱ्याइच्या पुढून माघारी घेऊन गेला असता. काजल पाहून राह्यली होती."

"मी पांढरी आणतो. आत्ता आणतो. तुहे पैसेबी देतो. हे मले परत दे."

जनकाबाईनं दावं मनगटाला गुंडाळलं.

"पांढरी कोणाची हाय थे तुले मालूम हाय. तिचं तू पाह्य. हिचं मोल मी देऊन बसलो. आता थे माही हाय, त्या डोळ्यासगट."

ती निघाली. दोन पावलांवर शेळी पुन्हा डावीकडे झुकली आणि नालीच्या काठाशी अडखळली. जनकाबाई थांबली. शेळीला वळसा घालून ती तिच्या डाव्या अंगाला आली आणि नालीच्या कडेनं चालू लागली. शेळीनं आपली कूस तिच्या गुडघ्याला टेकवली आणि सरळ चालू लागली.

सकाळपासून शेषरावही त्याच बाजूला उभा होता.