न सरणारी साखळी

बाळांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. खिडकीशी आजारी बाबांचा पलंग आणि पडद्याच्या दांडीला टांगलेली रंगीत कागदी कड्यांची लांबलचक साखळी. त्या घरची रीतच होती, रोज संध्याकाळी एक कडी फाडायची. साखळी संपली की नाताळ!

"फाड गं चिमणे," बाबा धापा टाकत म्हणायचे. "नाताळबाबाला वाटेत डुलकी लागली असेल, जरा ओढून आण त्याला!"

चिमणी टर्रकन कडी फाडायची, बाबा टाळी वाजवायचे आणि आईही हसायची. स्वयंपाकघरात गेल्यावर मात्र तिला रडू आवरायचं नाही. डॉक्टर दारात हलक्या आवाजात म्हणाले होते, "नाताळपर्यंत काढतील. पुढचं काही सांगवत नाही." तेव्हापासून फाटणारी प्रत्येक कडी तिच्या काळजाचा लचका तोडत होती.

एका दुपारी बाबांचा डोळा लागला होता. केर काढताना आईचा झाडू कशाला तरी अडला. तिने वाकून पाहिलं, तर रोज फाडूनही साखळी आता जमिनीला टेकली होती.

"चिमणे, अगं, ही वाढतेय कशी?"

"हळू बोल ना, आई! डॉक्टरकाका म्हणाले ना, बाबा नाताळपर्यंतच आहेत म्हणून."


चिमणीने पलंगाखालून डिंकाची बाटली काढली आणि आईच्या हातात दिली. "मी कापते, तू चिकटव. बाबा जागे व्हायच्या आत."