उंबऱ्यातला गालिचा

गालिच्यावर जे विणावं ते घरात पाऊल टाकत नाही, हे तोरोसच्या डोंगरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक. म्हणून झेलिहाने उंबऱ्यासाठी विणलेल्या गालिच्यात कडेने विंचू होते, कोपऱ्यांत लांडग्याचे पंजे होते आणि मधोमध कमरेवर हात ठेवून उभी एक गुबगुबीत बाई.

हिवाळाभर राहायला आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या. वाकून त्यांनी त्या बाईच्या हनुवटीवरचा तीळ निरखला.

"ही मीच ना गं?"

"छे हो, आई! काहीतरीच तुमचं!"

सासूबाईंनी खुशाल गालिचा ओलांडला आणि चुलीजवळची उबेची जागा धरली.



"लागू नाही पडत गं, सूनबाई. माझ्या सासूला तर मी दोनदा विणलं होतं. एकवीस वर्षं राहिली!"