गेममधले आजोबा

"हा चेहरा तुम्हाला कुठे मिळाला?"

नंदकिशोर नावाच्या त्या माणसाने मोबाइल टेबलावर ठेवला. स्क्रीनवर चहाच्या टपरीमागे एक आजोबा हसत उभे होते. बोट लावलं की किटली उचलायचे. ते आजोबा सर्वेशनेच काढले होते.

शेजारी पद्मजा मॅडम बसल्या होत्या. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या या दोन खोल्यांच्या गेम कंपनीच्या त्या मालकीण. पाहुणा न कळवता आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत कागदांची जाड फाइल. "वकील दिसतोय," मॅडम आत येताना सर्वेशच्या कानाशी पुटपुटल्या होत्या, "तोंड सांभाळून बोल."

सर्वेशचं काम तसं सोपं. विकतचा स्टॉक फोटो घ्यायचा, त्यावरून रेषा ओढायच्या, चेहरा थोडा बदलायचा, रंग भरायचे आणि फोटोचा नंबर शीटमध्ये लिहायचा. नंबर नाही तर चित्र नाही, हा मॅडमचा कायदा. गेल्या वर्षी सर्वेशने नेटवरचा कुणाचा तरी पोपट उचलून ट्रेस केला. तो पकडला गेला आणि आख्खा गेम मागे घ्यावा लागला. मॅडम तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "पुन्हा असं झालं तर त्याच दिवशी घरी." आणि आता पुढच्याच महिन्यात त्याचं दिशाशी लग्न होतं. आत्ता नोकरी गेली म्हणजे पुरती वाट लागली!

तरी या गाढवाने तेच पुन्हा केलं होतं. फोटो विकणाऱ्या साइटवरचे आजोबा सगळे गोरेगोमटे, टूथपेस्टच्या जाहिरातीतून उठून आल्यासारखे. त्यांच्या हातात किटली काही केल्या शोभेना. मग यंदा फेब्रुवारीत जुहूला कठड्यावर बसलेला एक म्हातारा दिसला. सावळा, हसरा, भुवईवर मस. सर्वेशने न विचारता फोटो काढला, घरी जाऊन हुबेहूब ट्रेस केला आणि शीटमध्ये एका परदेशी आजोबांचा नंबर ठोकून दिला. कोण बघतंय, यार!

आता बघणारा समोर बसला होता.

"स्टॉक फोटो आहे, सर," सर्वेश म्हणाला. "नंबर आहे शीटमध्ये."

"कधी काढलेला असेल?"

"जुना असणार. पाच-सहा वर्षांचा तरी."

"माणूस उभा होता की बसलेला?"

सर्वेशच्या तळहातांना घाम फुटला. हा पठ्ठ्या शब्दात पकडणार. "बसले... म्हणजे, फोटोत चेहराच आहे फक्त."

"पायात चप्पल होती?"

"चेहराच आहे हो, सर."

मॅडमनी शीट उघडली, नंबर टाकला आणि स्क्रीन पाहुण्याकडे वळवली. हातात कॉफीचा मग घेतलेले गोरे आजोबा. नंदकिशोरने चष्मा लावला. तो बराच वेळ एकदा स्क्रीनकडे, एकदा मोबाइलकडे बघत राहिला.

"हे तर वेगळेच कुणीतरी आहेत."

जुहूचा तो फोटो अजून सर्वेशच्या खिशातल्या मोबाइलमध्ये होता. एवढ्यात याने मोबाइल दाखव म्हटलं तर? मॅडम त्याच्याकडे रोखून बघत होत्या. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"ट्रेस करताना बदलावंच लागतं, सर. आमचा नियमच आहे. रंग सावळा केला, नाक बसकं केलं, गाल आत घेतले."

"आणि हा मस?"

"तो मीच दिला. म्हातारा खरा वाटावा म्हणून."

"असं एका बाजूने हसणं?"

"तेही मीच काढलं."

नंदकिशोरने चष्मा उतरवला. "नीट आठवून सांगा. घाई नाही मला. म्हणजे असा माणूस तुम्ही कुठे पाहिलेलाच नाही?"

"नाही, सर. आईशप्पथ."

शेवटी नंदकिशोरने मोबाइल खिशात टाकला, फाइल उचलली आणि तो उठला. सर्वेशचा जीव भांड्यात पडला. सुटलो रे बाबा!

मॅडमच्या चेहऱ्यावरही आता रंग आला होता. "आमच्याकडे सगळं कायदेशीर असतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या अशिलाला अजून काही शंका असेल तर..."

"अशील?" तो दारात थांबला. "मी पोस्टात आहे, मॅडम."

"मग ही चौकशी कशाला?"

"माफ करा, मुद्दामच आधी सांगितलं नाही. सांगितलं की लोक मन राखायला हो म्हणतात, इथे पाहिलं, तिथे पाहिलं. गेल्या वर्षी गणपतीत आमचे बाबा घरातून निघून गेले. विसरायला लागले होते हो. दिवाळीत खाडीत एक प्रेत मिळालं, ओळख पटण्यासारखं राहिलं नव्हतं. पोलीस म्हणतात ते बाबाच, भाऊही म्हणतो ते बाबाच. कागदावर सही करायची म्हटलं आणि पोरीच्या मोबाइलवर हे चित्र दिसलं. तेव्हापासून मी अडून बसलोय. आई तर कुंकू पुसायलाच तयार नाही. आत्ताही खाली रिक्षात बसलीय." त्याने सर्वेशचा घामेजलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "आता सांगतो तिला. फार उपकार झाले तुमचे, नाहीतर आम्ही आणखी वर्षभर शोधत फिरलो असतो."